पट्टा ट्रेमध्ये, पॅन्ट हातात

रायपूरचा मराठी माणूस विमानाने निघतो तेव्हा त्याच्या बॅगेत त्याचं स्वतःचं असं फार थोडं असतं. दोन शर्ट, एक टॉवेल, दाढीचं सामान. उरलेल्या जागेवर नातेवाइकांचा हक्क. पुण्याच्या वहिनींसाठी कोशाची साडी, ठाण्याच्या काकांसाठी दुबराज तांदूळ, कुणाला तरी आवडते म्हणून उन्हात कडकडीत वाळवलेली बिजौरी आणि निघताना शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी हातात कोंबलेली ठेठरी-खुरमी. परतीच्या वाटेवर त्याच बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि राजापुरी खोबऱ्याच्या वाट्या. भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबं इकडे येत राहिली, तात्यापाऱ्यात रुजली, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जमू लागली, हिंदीत भांडायला शिकली. पण खोबरं 'तिकडचंच' हवं, हा हट्ट काही कुणी सोडला नाही. बैलगाडी गेली, रेल्वे आली, खोबरं येत राहिलं. मग विमान आलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "बॅगेत सुकं खोबरं नाही ना?"

सामान देताना काउंटरवरची मुलगी पॉवर बँक, लायटर आणि सुकं खोबरं अशी तीन नावं एका दमात घेते. पहिली दोन आपण समजू शकतो. तिसरं ऐकल्यावर मराठी माणूस आधी हसतो, मग बायकोकडे बघतो, आणि बायको दुसरीकडे बघू लागली की त्याचं हसू मावळतं. मुलगी विनोद करत नसते. खोबऱ्यात तेल भरपूर. बंद, उबदार जागेत त्याचा ढीग पडून राहिला तर तो आतल्या आत तापत जातो. जहाजांच्या पोटात खोबऱ्याच्या राशींना आगी लागल्याचा अनुभव जुना आहे. त्यामुळे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३. आणि वर्ग आहे आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांचा. आपण रोज आमटीत घालतो तो पदार्थ जगाच्या नोंदवहीत ज्वालाग्राही म्हणून बसलेला आहे. आमच्या घरी तो कायम फडताळातल्या डब्यात असतो. आजवर पेटले ते फक्त त्याचे भाव.

एवढं ऐकूनही मराठी गृहिणी हार मानत नाही. ओलं चालेल का? किसून नेलं तर? किसून, भाजून? कांद्याबरोबर वाटण करून? मुलगी वरिष्ठाला बोलावते. तोपर्यंत मागच्या रांगेतल्या दोन बायका चर्चेत उतरलेल्या असतात आणि त्यातली एक वाटणात धणे कधी घालायचे ते सांगत असते. शेवटी वाट्या बाहेर निघतात आणि विमानतळावर सोडायला आलेल्या भाच्याच्या हवाली होतात. भाचा त्या घेतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या घरी खोबरं मुबलक असतं.

बरं, नियम कधीच वाकत नाही असंही नाही. शबरीमलेला जाणारे भाविक इरुमुडीत तूप भरलेला नारळ नेतात. एरवी नारळाला विमानात हातसामानात मज्जाव. पण २०२४च्या यात्राकाळात, २० जानेवारी २०२५पर्यंत, सरकारने या नारळाला तपासणी करून सोबत नेण्याची मुभा दिली. चांगलंच केलं. श्रद्धेचा नारळ सुरक्षित असू शकतो, हे एकदा मान्य झालं की चिवड्याच्या खोबऱ्यासाठीही कुणीतरी अर्ज करायला हरकत नाही. दिवाळी हाही यात्राकाळच आहे.

बॅग भरणं पूर्वी ताकदीचं काम होतं, एकाने वर बसायचं आणि दुसऱ्याने चेन ओढायची. आता ते अभ्यासाचं काम झालं आहे. पॉवर बँक सामानात नको, हातात हवी, कारण पेटलीच तर निदान कुणाला दिसेल. अडकित्ता हातात नको, सामानात हवा. लायटर कुठेच नको. लोणचं चालतं, पण मिरचीचं असेल तर हातात नको. अमेरिकेला निघालेल्या आजीचं मेतकूट जून २०१८पासून 'पावडर' झालं आहे: हातसामानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त असेल तर त्याची खास तपासणी. ज्या बाईने आयुष्यात मेतकूट मिलीमध्ये मोजलं नाही, तिने नातवाच्या मऊभातासाठी ते मोजायचं. परदेशी विमानाला पाणी शंभर मिली. देशातल्या देशात बाटली बहुतेक ठिकाणी जाते, पण एखाद्या ठिकाणी 'एक घोट पिऊन दाखवा' असंही ऐकू येतं. शिकलेला, कर भरणारा, नातवंडं असलेला माणूस अनोळखी जवानासमोर पाणी पिऊन दाखवतो. वर 'ठीक आहे' असा शेरा मिळाला की त्याला बरं वाटतं.

हे सगळं आपल्याकडून का करून घेतात? मला विचाराल तर हे नियम म्हणजे श्राद्धं आहेत. प्रत्येकाची एक तिथी आहे आणि प्रत्येकामागे एक गेलेली, बहुधा फसलेली, स्वारी आहे. २२ डिसेंबर २००१ रोजी रिचर्ड रीड नावाचा माणूस पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटाला काडी लावत बसला. बूट पेटेना. सहप्रवाशांनी त्याला धरून बांधून ठेवलं. तो तुरुंगात गेला आणि अमेरिकेतला प्रवासी मोज्यांवर आला. ऑगस्ट २००६मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमानं पेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून जगभरच्या आज्या साजूक तूप शंभर मिलीच्या हिशेबात बघू लागल्या. २००९च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात एकाने स्फोटक अंतर्वस्त्रात शिवून आणलं होतं. त्याच्या नावाने आपल्याला काही काढून ठेवावं लागत नाही, ही त्या पितराची कृपाच म्हणायची.

आपले घरचे पितरही कमी नाहीत. ३० जानेवारी १९७१ रोजी 'गंगा' नावाचं विमान श्रीनगरहून जम्मूला निघालं आणि लाहोरला उतरलं. पळवणाऱ्यांजवळ होतं खोटं पिस्तूल आणि खोटा हातबॉम्ब. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान दोन तरुणांनी वाराणसीला नेलं. इंदिरा गांधींना सोडा, ही मागणी. हत्यारं म्हणजे खेळण्यातली पिस्तुलं आणि क्रिकेटचा चेंडू. पुढे दोघेही काँग्रेसचे आमदार झाले. आज एखाद्या पाच वर्षांच्या पोराचं प्लास्टिकचं पिस्तूल काढून घेतात आणि ते विमानतळ डोक्यावर घेतं, तेव्हा त्याला हे कुणी समजावून सांगत नाही की बाळ, तुझ्या हातातल्या वस्तूने एकेकाळी माणसं विधानसभेत पोचली आहेत.

काही तिथी मात्र हसण्याच्या नाहीत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. सामान आणि माणूस यांची जोडी जुळल्याशिवाय विमान उडत नाही, ते यामुळे. पन्नाशीच्या पुढच्या प्रवाशांना आठवत असेल, विमानाच्या शिडीजवळ उन्हात बॅगांची रांग मांडलेली असे आणि ज्याने त्याने आपल्या बॅगेला बोट लावून 'ही माझी' म्हणायचं. मग २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला गेलं, आठ दिवस देश टीव्हीसमोर बसून राहिला, आणि त्यानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे देण्याचं ठरलं. फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. आज रायपूरच्या माना विमानतळावर दारात उभा असलेला जवान त्या आठ दिवसांमुळे उभा आहे. तो आपलं तिकीट आणि आधार कार्ड आलटून पालटून बघतो, 'देशपांडे' आणि 'देशपाण्डेय' हा एकच माणूस कसा याचा विचार करतो, तेव्हा घड्याळाकडे न बघता उभं राहावं. सप्टेंबर २०२४पासून रायपूरला डिजियात्राही आली आहे. म्हणजे आता नावाऐवजी चेहरा जुळवतात. आधार कार्डावरच्या फोटोशी ज्याचा चेहरा जुळतो, त्याने खरं तर डॉक्टरला दाखवायला हवं.

हा झाला इतिहास. वर्तमान पाहायचं तर एक्स-रे यंत्राच्या पलीकडे उभं राहावं. तिथे बसलेल्या माणसाला आपली बॅग रंगांत दिसते. धातू निळा, सेंद्रिय पदार्थ नारिंगी, अधलंमधलं हिरवं. मेख अशी की स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणजे नारिंगी. आणि लाडूही नारिंगी. डब्यात दाबून भरलेले, गोल, घट्ट, एकसारखे, वर तूप. या माणसाने काय समजावं? पडद्याकडे बघून डोळा थकतो, म्हणून तिथला माणूस थोड्या थोड्या वेळाने बदलतात. पण दिवाळीच्या आठवड्यात रायपूरहून सुटणाऱ्या विमानांच्या बॅगांतून जेवढे नारिंगी गोळे जातात ते पाहता, त्याला नोकरीनंतर बुंदी गिळता येत असेल असं वाटत नाही.

आमच्या मावशीच्या बॅगेत मात्र निळं होतं. लांबट, नळीसारखं, एका टोकाला दांडा, शेजारी भोकं पडलेल्या चकत्यांची चळत. पट्टा थांबला. बॅग बाजूच्या रुळांवर सरकली.

"यह बैग किसका है?"

"माझी. मेरी."

"इसमें क्या है?"

"सोऱ्या."

जवान तरुण होता, बोलण्यावरून हरियाणाकडचा. त्याने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने खांदे उडवले.

"खोलिए."

मावशीने बॅग उघडली. वरच्या दोन साड्या, नातीचं झबलं आणि वर्तमानपत्राच्या तीन घड्या बाजूला झाल्यावर तिच्या सासूबाईंचा पितळी सोऱ्या प्रकट झाला. तो तपासायला ट्रेमध्ये उभा ठेवला तेव्हा खरोखरच एखाद्या छोट्या तोफेसारखा दिसत होता. मावशीने झाकण फिरवून दाखवलं, चांदणीची चकती बसवून दाखवली, हवेत दांडा दाबून गोल गोल चकली पाडूनही दाखवली. जवान वाकून बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, सेव मशीन! तो सीधा बोलिए ना, माताजी."

सेव मशीन म्हटल्याने मावशी दुखावली. चकलीचा सोऱ्या आणि शेवेचं यंत्र यांतला फरक तिने सांगायला घेतला होता. पण जवानाने तोवर चिमट्यात एक पांढरी पट्टी धरली आणि ती सोऱ्याच्या आतून-बाहेरून फिरवली. स्फोटकांचा अंश आहे का ते या पट्टीवरून यंत्राला कळतं. मावशीला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं, भांडं नीट घासलं आहे का ते बघताहेत.

"चिंचेने घासलाय," ती ताठ मानेने म्हणाली. "बघा काय बघायचं ते."

यंत्राने थोडा विचार केला आणि सोऱ्या निर्दोष ठरवला. पुण्यात सोऱ्या मिळत नाही का, असं मी तिला नंतर विचारलं. "मिळतो. पण त्यातली चकली तुटते," ती म्हणाली. राष्ट्रीय सुरक्षेने तिचा जेवढा वेळ घेतला त्याहून जास्त वेळ या उत्तरात गेला, कारण पुढे भाजणीचं प्रमाणही होतं.

सोऱ्या सुटला, तरी मावशीची सुटका झाली नव्हती. ती दारासारख्या यंत्रातून गेली आणि यंत्र ओरडलं. बांगड्या काढल्या, पुन्हा ओरडलं. मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या. त्या पाच निघाल्या, कारण मराठी बाई घराबाहेर पडते ती कुणाचा ना कुणाचा पदर सुटणार या तयारीनेच. तरी यंत्र ओरडतच होतं. मग मावशीला आठवलं की तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पडद्याआड गेल्यावर महिला जवानाने अदबीने तपासलं, मावशीने ऑपरेशनची खूण दाखवली, आणि बाहेर येताना दोघींमध्ये जिना चढावा की नाही यावर एकमत झालेलं होतं. नियम कडक होता, माणूस नव्हता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी याच्या उलट असतं.

सामान्य प्रवाशावर हे नियम फार ओझं टाकतात का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यात 'सामान्य' कोण, हे आधी ठरवायला हवं. विमानतळावर त्याची व्याख्या भिंतीवर लावलेली असे. ज्यांची झडती घ्यायची नाही त्यांची यादी: राष्ट्रपती, माजी राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री असं करत करत ती बरीच खाली येई. दलाई लामाही त्यात. सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वाड्रा यांचं नावही होतं, एसपीजी सुरक्षा असलेल्यांबरोबर प्रवास करताना. ते २०१५मध्ये काढलं. बाकी सगळी पदं आणि मध्येच एक नाव. जावयाचा मान आपल्याकडे कुठवर जातो ते परदेशी पाहुण्यांना या एका पाटीवरून कळत असे. या पाटीवर ज्याचा उल्लेख नाही तो सामान्य. व्याख्या सोपी आहे आणि तिच्यात आपण सगळे बसतो.

आता त्या पाटीवरच्या एका माणसाची गोष्ट. २१ एप्रिल २००९ रोजी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम दिल्लीहून अमेरिकेला निघाले होते. यादीप्रमाणे त्यांना झडती माफ. पण अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी त्यांना विमानाच्या तोंडाशी थांबवून तपासलं, बूटही काढायला लावले. कलामांनी काढले, घातले, विमानात जाऊन बसले. तक्रार केली नाही. बातमी फुटली ती जुलैमध्ये. मग संसद खवळली, कंपनीने माफी मागितली. ज्यांना सवलत होती त्यांनी बूट काढले आणि ज्यांचे बूट पायांत होते ते संतापले. सुरक्षेच्या नियमांबद्दल आपल्याकडची खरी तक्रार काय आहे, ते यात आलं. झडती घेतल्याचं आपल्याला फारसं दुःख नसतं. 'माझीसुद्धा' घेतली, याचं असतं. रांगेत पुढच्याची बॅग उघडली की आपण म्हणतो, बरं झालं, हल्ली काही सांगता येत नाही. आपली उघडली की म्हणतो, यांना दुसरं काही काम नाही.

रायपूरच्या विमानतळाला २०१२पासून स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. त्यामागे कारणही आहे. १८७७मध्ये लहानगा नरेंद्र आईबरोबर कलकत्त्याहून वडिलांकडे रायपूरला आला आणि इथे दोनेक वर्षं राहिला. शेवटचा टप्पा बैलगाडीने, जंगलातून. त्या वाटेवर तपासणी नव्हती, धोका मात्र होता. आज उलट आहे, हे या नियमांच्या बाजूने बोललंच पाहिजे. पण पुढे हाच मुलगा परिव्राजक होऊन देशभर हिंडला तो दंड आणि कमंडलू घेऊन. दंड म्हणजे काठी. हातसामानात कुणी सोडणार नाही. आणि विवेकानंद १८९३मध्ये मुंबईहून बोटीने शिकागोला निघाले तसे आज विमानाने निघाले असते, तर कमंडलूतलं शंभर मिलीच्या वरचं पाणी कुंडीत ओतावं लागलं असतं. ज्यांचं नाव दारावर आहे त्यांनाही त्या दारातून नेहमीच्या सामानासह आत जाता आलं नसतं.

त्याच दाराने १४ नोव्हेंबर २०२४ रोजी एक वेगळाच दिवस पाहिला. नागपूरहून कोलकात्याला निघालेलं, १८७ प्रवासी असलेलं विमान बॉम्बच्या भीतीने सकाळी रायपूरला उतरवण्यात आलं. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. विमानात बॉम्ब असल्याचं एका प्रवाशानेच कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. त्याला अटक झाली. पुढे बातम्यांत आलं की तो गुप्तचर खात्यातला अधिकारी असून मिळालेली माहितीच आपण पुढे दिली, असं त्याचं म्हणणं आहे. खरं-खोटं न्यायालय बघेल. त्याच्या आदल्याच महिन्यात देशभर विमानांना खोट्या धमक्यांचा पाऊस पडला होता. त्यातल्या काहींचा माग काढत मुंबई पोलीस आपल्या राजनांदगावपर्यंत आले, आणि निघालं काय, तर पोराटोरांचं पैशांवरून झालेलं भांडण. कोच्चीला एका प्रवाशाने तपासणीला कंटाळून 'माझ्या बॅगेत काय बॉम्ब आहे का?' असं विचारलं आणि विमानाऐवजी पोलीस ठाण्यात गेला. आपल्या देशात जागोजागी वाईट विनोद खपतात. विमानतळ ही एकच जागा आहे जिथे त्यांची दखल घेतली जाते.

तेव्हा नियम हवेत. त्यांचं ओझंही आपण उचलू. रेशनच्या, गॅसच्या, शाळेच्या प्रवेशाच्या रांगांत तयार झालेल्या पिढ्यांना हात वर करून अर्धा मिनिट उभं राहण्याचं काय मोठंसं? माझी तक्रार वेगळी आहे. हे नियम जन्माला येतात, पण मरत नाहीत. शास्त्रानेही पिंड तीन पिढ्यांपुरतेच सांगितले आहेत. वडील, आजोबा, पणजोबा, बस. पुढचे मुक्त. रिचर्ड रीडला मात्र प्रवाशांनी वर्षानुवर्षं बूट वाहिले. जुलै २०२५मध्ये अमेरिकेने तो विधी बंद केला. आणि एडिंबर्गसारख्या विमानतळांवर नवी यंत्रं आल्यावर शंभर मिलीचीही अट सुटली, दोन लिटरपर्यंत चालतं. म्हणजे नियम जाऊ शकतात. आपल्याकडचाही एक गेला आहे. हातातल्या बॅगेला कागदी टॅग बांधायचा, तपासणीनंतर त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि शिक्का नसेल तर विमानाच्या दारातून परत यायचं. टॅगची दोरी चेनमध्ये अडके, टॅग फाटे, शिक्का पुसट उठे. १ एप्रिल २०१७पासून मोठ्या सात विमानतळांवर हे बंद झालं आणि हळूहळू इतरत्रही. आभाळ कोसळलं नाही. नाराज झाले ते फक्त आमच्या ओळखीचे एक काका. ते टॅग कधीच काढत नसत. बॅगेला ते पाच-सहा लोंबकळत ठेवून रायपूर स्टेशनवर हिंडत, म्हणजे लोकांना कळावं.

म्हणून माझ्या मागण्या थोडक्यात मांडतो. पहिली, प्रत्येक नियमाच्या पाटीवर त्याची जन्मतारीख आणि कारण लिहावं. 'खोबरं मना आहे' यापेक्षा 'खोबरं आपोआप पेटू शकतं' हे वाचून मराठी माणूस लवकर ऐकेल. निदान घरी जाऊन डबा तरी बघेल. दुसरी, पुण्यात जे चालतं ते रायपुरात चालावं, म्हणजे परतीच्या प्रवासात गुन्हेगार झाल्यासारखं वाटणार नाही. तिसरी, दहा वर्षांनी एकदा कुणीतरी बसून सगळे नियम चाळावेत, आणि ज्याचं कारण यंत्राने संपवलं आहे त्याला निरोपाचा नारळ द्यावा. नारळ विमानतळाच्या बाहेर द्यावा, म्हणजे अडचण नको.

चौथी मागणी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महत्त्वाची. यंत्राच्या पलीकडे एक बाक ठेवा. तपासणीनंतर एका हाताने पॅन्ट धरलेली, दुसऱ्या हातात पट्टा, दातांत बोर्डिंग पास, काखेत लॅपटॉप आणि मागून दुसऱ्याच्या ट्रेचा धक्का, अशा अवस्थेत देशाचे किती इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक रोज उभे असतात ते पाहा. माणूस तपासायला एवढी जागा काढली आहे, त्यातली थोडी त्याला पुन्हा माणसात यायला द्या. बाक साधा चालेल. गादी नको. गादीत काय आहे ते पुन्हा कुणाला तरी तपासावं लागेल.